थोमाइसचं आंबवण

आमच्या लिथारी गावात थोमाइसला कुणी गोड बोलणारी म्हटल्याचं मला आठवत नाही. तिची भट्टी माझ्या गुत्त्याच्या बरोबर समोर होती. सकाळी मी दुकानाच्या फळ्या काढीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झालेला असे. ओलं सरपण आणणाऱ्या लाकूडतोड्यावर, पीठ चाळताना डुलक्या घेणाऱ्या शेजारणीवर, आणि समोर कुणीच नसलं तर माझ्यावर.

"मार्कियानोस, मेल्या, काल पुन्हा पाणी घातलंस ना दारूत?"

"तुझ्या पावात नसतं वाटतं पाणी?"

"असतं ना. पण माझं पाणी फुगून वर येतं. तुझं गिऱ्हाइकाच्या पोटात जाऊन कळा आणतं."

अशी बाई. पण रविवारी संत मामासच्या देवळात जो प्रसादाचा पाव मोडला जाई, तो तिच्याच हातचा. दुसऱ्या कुणाचा तिथे चालत नसे. तिचं आंबवण आजेसासूपासून चालत आलेलं होतं. क्रुसाच्या सणाला आमच्याकडे देवळात सब्जाच्या काड्या वाटतात, तसल्या एका काडीवर ते कधीकाळी धरलेलं. रोजच्या कणकेतला एक गोळा काढून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या कणकेत मिसळायचा, असं ते पिढ्यान्‌पिढ्या जगवलेलं. गावातल्या निम्म्या घरांनी तिच्याकडूनच मागून नेलेलं. 'जिवंत आहे ते,' ती म्हणायची आणि मडक्यात तोंड घालून त्याच्याशी बोलायची. माणसांशी बोलायची त्यापेक्षा बऱ्याच मायेने.

नवरा खेचरं हाकायचा. घाटात दरड कोसळून गेला. मागे एक मुलगा, आर्सेनी, आणि एक खेचर. मुलगाही बापासारखाच खेचरवाला झाला. अंगाने दणकट, स्वभावाने इतका मऊ की आईच्या शिव्या ऐकून हसायचा. त्याच्यासाठी ती सून बघत होती, आणि एकही मुलगी तिला पसंत पडत नव्हती.

त्याच उन्हाळ्यात पश्चिमेकडून फिरंग्यांची फौज आली.

नगरीहून, म्हणजे राजधानीहून, सम्राटाचा हुकूम आला. फिरंगी आपले मित्र आहेत, तुर्कांशी लढायला चालले आहेत, त्यांना धान्य विकावं, त्यांच्याशी गोड बोलावं आणि वेशीचे दरवाजे घट्ट बंद ठेवावेत. हे सगळं एकाच हुकुमात. म्हणजे मित्राला तटाबाहेर उन्हात बसवायचं आणि वरून दोरीने टोपली सोडून पाव विकायचा. बरं, ज्या तुर्कांशी लढायला ते निघाले होते त्यांच्याशी सम्राटाने गुपचूप तह केलेला आहे, असं नगरीहून येणारे खेचरवाले माझ्या गुत्त्यात बसून हसत हसत सांगत. मोठ्यांचं सगळंच मोठं. आपण टोपल्या सोडायच्या.

मी तरुणपणी नगरीच्या धक्क्यावर व्हेनिसवाल्यांची पिंपं उतरवली होती. तिथे त्यांची बोली कानावर पडून पडून जिभेवर आली. म्हणून तटावर उभं राहून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सौद्यात दगाफटका होऊ नये म्हणून दोन्ही बाजूंनी एकेक ओलीस द्यायचा ठरला. फिरंग्यांचा सरदार होता रेनो नावाचा. त्याने आपला एक ढेरपोट्या मामेभाऊ वर पाठवला. आपल्याकडून कोण जाणार? सम्राटाचा बाजार-कारभारी बासिलिस्कोस चौकात उभा राहून नावं काढू लागला. जमीनदाराच्या मुलाला एकाएकी ताप भरला. किल्लेदाराच्या पुतण्याचं लग्न ठरलेलं निघालं. थोमाइसच्या आर्सेनीला ताप नव्हता, लग्न नव्हतं, आणि रदबदली करायला बापही नव्हता.

"सरकार, मला एकच आहे," थोमाइस म्हणाली.

"अगं, पाहुणचाराला चाललाय तो," कारभारी म्हणाला. "रोज मांस खाईल."

"मांस खाईल की मांस होईल?"

चौकातली माणसं हसली. आर्सेनीही हसला. "आई, चारचौघांत नको गं. फौज पुढे सरकली की येतोच मी. खेचराला वेळेवर चारा घाल. आणि त्याला शिव्या देऊ नकोस, त्याला कळतात." एवढं बोलून तो दोरीच्या शिडीने तटाखाली उतरला.

तटाखाली एक जुना चिनार होता. त्याच्या सावलीत रेनो सरदाराचा धाकटा भाऊ गिरार हगवणीने पडलेला होता. आर्सेनीलाही तिथेच बसवलेलं, म्हणून थोमाइस दिवसातून दहादा तटावर यायची, मुलाला डोळे भरून बघायची आणि फिरंग्यांच्या दिशेने थुंकून परत जायची. एके दुपारी गिरार तापात ओरडायला लागला.

"काय केकाटतोय तो?" तिने मला विचारलं.

"आईला हाक मारतोय."

"त्यांच्यातही आईलाच मारतात?"

"मग काय कारभाऱ्याला मारतील?"

आर्सेनी त्या आजाऱ्याच्या तोंडाला ओल्या फडक्याने पाणी लावत होता, ते ती बघत राहिली. त्या दिवशी ती थुंकली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फिरंग्यांचा पाद्री तटाखाली येऊन उभा राहिला. गुळगुळीत दाढी केलेला, वाळका माणूस. त्याने सांगितलं, नदी ओलांडताना त्यांची देवपूजेची पेटी वाहून गेली. तयार पोळ्या गेल्या आणि पोळ्या भाजायचा लोखंडी चिमटाही गेला. गिरार आजचा दिवस काढत नाही. मरणाऱ्याला प्रभूच्या प्रसादाचा शेवटचा घास द्यायचा तर पोळी हवी, आणि ती नुसत्या पिठाची आणि पाण्याची. आंबवणाचा कण नको. दुपारपर्यंत द्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. फिरंग्यांचा आणि आमचा देव एकच, पण ते त्याच्यापुढे चपटी पोळी ठेवतात आणि आम्ही फुगलेला पाव ठेवतो. एवढ्याशा गोष्टीवरून दोन्हीकडचे धर्मगुरू शंभर वर्षं एकमेकांचे गळे धरून बसलेत. आमचे धर्मगुरू पापा एव्थिमी यांनी मागच्याच रविवारी देवळात गर्जना केली होती, "आंबवणाशिवाय पाव म्हणजे जिवाशिवाय कुडी! हे फिरंगी मरणाऱ्याच्या तोंडात प्रेत कोंबतात!" थोमाइस पुढे उभी राहून मान डोलवत होती. पापांचा शब्द तिच्यासाठी दगडावरची रेघ.

कारभाऱ्याने तिलाच बोलावलं. शेजारी पापा उभे होते.

"पापा, करू का मी असली पोळी?" तिने विचारलं.

"कारभारी सांगतात ते कर."

"पण तुम्ही काय सांगता?"

"मी काही ऐकलंच नाही," पापा म्हणाले आणि चिमण्या बघायला लागले.

मी तिच्या भट्टीपाशी जाऊन बसलो. तिने पीठ भिजवलं. हात थांबत थांबत चालत होते. "चिखल आहे नुसता," ती म्हणाली. मग म्हणाली, "मार्कियानोस, तो पोरगा नक्की जाणार आज?"

"संध्याकाळ बघत नाही म्हणाला पाद्री."

"आणि जाताना तोंडात हे? कुत्र्याला घालणार नाही मी हे. त्याच्या आईला कळलं तर ती काय म्हणेल मला?"

"अगं, त्यांच्यात हेच चालतं. तिला चालेल."

"आईला नाही चालत," थोमाइस म्हणाली. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेवढ्यात मला तटावरून बोलावणं आलं आणि मी उठून गेलो.

पुढे काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. अक्रोडाएवढा आंबवणाचा गोळा काढला, छातीवर क्रूस केला आणि तो त्या कणकेत मळला. ऊन कडक होतं, झाकून ठेवल्यावर कणीक बघता बघता चढली. तिच्या मनात एवढंच होतं की मी इथे यांच्या मुलाला जिवंत घास दिला, तर तिकडे माझ्या मुलाला देव उपाशी ठेवणार नाही. हाताच्या सवयीने तिने वर, प्रसादाच्या पावावर उठवतात तो देवळाचा शिक्कासुद्धा मारला. चांगले, पांढरेशुभ्र, टपोरे पाव झाले. तिने ते धुतलेल्या फडक्यात बांधले आणि टोपली स्वतःच्या हाताने खाली सोडली.

पाद्र्याने फडकं सोडलं. एक पाव मोडला. आतली जाळी बघितली आणि तो ओरडायला लागला.

रेनो सरदार धावत आला. फिरंग्यांच्या तळावर आधीच कुजबुज होती की रोमी लोक पिठात चुना कालवतात. रोमी म्हणजे आम्ही. आणि खोटं कशाला बोलू, कालवत होते. कारभाऱ्याच्या कोठारातलं पीठ कशाने इतकं पांढरं आहे हे गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. थोमाइसच्या पिठात मात्र चिमूटभरही नव्हता.

"काय घातलंय यात?" रेनो खालून ओरडला.

मी वळून तिला म्हटलं, "काय घातलंस यात, विचारतोय तो."

"जीव घातला म्हणावं," ती म्हणाली. ताठ मानेने म्हणाली. तिला वाटलं, तिची तारीफ होतेय.

मी खाली ओरडून सांगितलं, "सरदार, विष नाही, चुना नाही, नुसतं आंबवण आहे! आमच्यात ते पवित्र मानतात. बाईने मायेने घातलंय!"

पाद्र्याने पावाचा तुकडा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. त्याला सगळं समजलं होतं. "विष नाही," तो रेनोला म्हणाला. मला हायसं वाटलं. मग त्याने ओठ पुसले आणि म्हणाला, "पण हा प्रभूचा घास नाही. आपण पूजा केली की हे लोक वेदी विटाळली म्हणून ती धुऊन काढतात. ही बाई आज तुमच्या भावाला धुवायला निघाली होती."

एका वाक्याने तो माणसाला वाचवू शकत होता आणि एका वाक्याने त्याने मारलं. तो मूर्ख असता तर मी त्याला माफ केलं असतं.

"मी आत्ता दुसरी करते!" थोमाइस ओरडली. "नुसतं पीठ आणि पाणी! भट्टी तापलेली आहे!" ती जिन्यावरून पडत धडपडत खाली धावली. परत आली तेव्हा तिच्या हाताला भाजलं होतं आणि टोपलीत दोन चपट्या पोळ्या होत्या. टोपली खाली पोचली तेव्हा पाद्री गिरारचे डोळे मिटत होता.

रेनोने आरडाओरडा केला नाही. तो भावाजवळून उठला आणि म्हणाला, "माझा भाऊ शेवटच्या घासाशिवाय गेला. हिचा मुलगाही तसाच जाईल."

मला ते भाषांतर करून सांगावं लागलं नाही. त्यांनी चिनाराच्या फांदीवर दोर टाकला होता.

थोमाइस कारभाऱ्याच्या पायांवर पडली. "सरकार, त्यांचा माणूस आहे ना आपल्याकडे! सांगा त्यांना!"

"सम्राटाच्या मित्रांना मी धमकी देऊ?" कारभारी म्हणाला. "एका खेचरवाल्यासाठी?"

मग ती पापांकडे वळली. "पापा, निदान शेवटचा घास तरी द्या त्याला. खाली जा!"

"दरवाजा उघडायचा नाही असा हुकूम आहे, बाई."

"मग टोपलीतून सोडा! पाव जातो, मीठ जातं, कांदे जातात. देव नाही का जात टोपलीतून?"

"देवाला टोपलीत घालत नसतात," पापा एव्थिमी म्हणाले.

आर्सेनीने खालून वर बघितलं. "आई, तू आत जा," तो म्हणाला. "मार्कियानोसकाका, तिला आत न्या." मी तिचा दंड धरला. तिने माझा हात झटकला आणि शेवटपर्यंत बघितलं. खाली एक भुकेला शिपाई टोपलीतली चपटी पोळी काढून खात उभा होता. तो खाता खाताच बघत होता.

गावातली पोरं काठ्या घेऊन माझ्या गुत्त्यावर धावून आली, कारण त्यांचा ओलीस तिथेच पीत बसलेला होता. कारभाऱ्याने त्याच्याभोवती भालेवाले उभे केले, त्याच्या अंगावर रेशमी झगा घातला आणि स्वतःच्या घोड्यावरून त्याला मानाने परत पाठवलं. तो एकच माणूस त्या दिवशी वेशीतून बाहेर गेला. म्हणजे दरवाजा उघडत होता. संध्याकाळी रेनो आणि कारभारी वेशीत भेटले, रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या गालाचं चुंबन घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी टोपल्या पुन्हा खाली जायला लागल्या. सम्राटाच्या मैत्रीला ओरखडाही आला नाही.

फौज गेल्यावर आर्सेनीला खाली काढून पुरलं. पुढच्या रविवारी थोमाइस नेहमीप्रमाणे प्रसादाचा पाव घेऊन देवळात गेली. पापांनी तिला उंबऱ्यावर अडवलं.

"तू फिरंग्यांच्या पूजेची पोळी भाजलीस. तुझे हात आता या कामाचे नाहीत."

"पण मी आंबवण घातलं होतं, पापा! तुम्हीच सांगितलं होतंत ना, त्याशिवाय जीव नाही म्हणून?"

"मग तर जास्तच वाईट. देवळाचं आंबवण तू फिरंग्यांना दिलंस. वर आपला शिक्का मारून!"

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, तशी गत. घातलं म्हणून त्यांनी तिचा मुलगा मारला, आणि घातलं काय, न घातलं काय, आमच्यांनी तिला दारात उभं केलं. आर्सेनीच्या चाळिसाव्या दिवसाच्या विधीचा पाव पापांच्या वहिनीने केला. तो मधोमध तडकला होता. मुलाच्या नावाचा पाव आत मोडत होते तेव्हा आई बाहेर खेचराचा दोर धरून उभी होती. आम्ही सगळे तिच्या अंगावरून आत गेलो. मीसुद्धा गेलो.

तिने आंबवणाचा गोळा खिडकीत ठेवून दिला आणि त्याला पुन्हा पीठ दाखवलं नाही. तो सुकला, काळा पडला आणि एक दिवस उंदरांनी नेला. त्यानंतर तिच्या भट्टीत फक्त चपट्या पोळ्या झाल्या. सम्राटाने पुढे फिरंगीच पगारी शिपाई म्हणून ठेवले, ते आमच्या रस्त्याने येता-जाता तिच्या पोळ्या आवडीने घ्यायचे. ती द्यायची. तिचं तोंडही बंद झालं. मी एकदा मुद्दाम तिच्या डोळ्यांदेखत पिंपात पाणी ओतलं, अख्खी बादली ओतली. ती नुसती बघत राहिली. त्या दिवशी मी गुत्ता लवकर बंद केला आणि रडलो.

बऱ्याच वर्षांनी पापा एव्थिमी आजारी पडले. पोटाचंच दुखणं. वहिनी आधीच वारली होती आणि देवळातला पाव कुणाच्याच हातचा धड होत नव्हता. मरणाच्या दारात माणसाला चांगली चव आठवते. त्यांनी आपल्या जागी आलेल्या नव्या धर्मगुरूला सांगितलं, मला शेवटचा घास थोमाइसच्या हातच्या पावाचाच द्या, तिच्यावरची बंदी मी उठवली. हा निरोप मीच तिला नेऊन दिला.

"बरं," ती म्हणाली. तिने शिक्का शोधून काढला, वाळूने घासला, पाण्याने धुतला. मला वाटलं, चला, देर आहे पण अंधेर नाही. आंबवण तिच्याकडे नव्हतं, पण गावातल्या निम्म्या घरांत तिचंच होतं. मागितलं असतं तर कुणीही धावत आणून दिलं असतं.

पापा अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली खाटेवर पडले होते. थोमाइस धुतलेल्या फडक्यात बांधून घेऊन आली आणि गाठोडं त्यांच्या छातीवर ठेवलं. त्यांना वासानेच भरून आलं. त्यांनी गाठ सोडली. आत चपटी, कडक पोळी होती. मधोमध देवळाचा शिक्का स्वच्छ उमटला होता.

पापांनी ती उलटून बघितली. त्यांचे ओठ पांढरे पडले. "थोमाइस," ते म्हणाले, "काय घातलंस यात?"

"काही नाही घातलं, पापा," ती म्हणाली. "या खेपेला काहीच नाही घातलं."

मला त्या म्हाताऱ्याची दया आली नाही. आजही येत नाही. नवा धर्मगुरू दुसरा पाव शोधायला गावात धावला, पण तो परत येईपर्यंत पापा थांबले नाहीत. थोमाइसही थांबली नव्हती. ती घरी निघून गेली होती. खेचराची चाऱ्याची वेळ झाली होती.